पंचेचाळीस पौंड हवा

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझी कंबर आपोआप ताठ होते. डॉक्टर म्हणतात, वयोमानाप्रमाणे असं व्हायचंच. मी मान डोलावते. त्या बिचाऱ्याला काय माहीत, माझी कंबर वयाला भीत नाही, ती अजून आबांच्या गाडीला भिते. सांगलीतल्या आमच्या अंगणात कारखान्याच्या मळीचा आंबूस वास शिरला, सकाळच्या धुक्यात शेजारचा बंगला अर्धाच दिसायला लागला, की ती समजते, हंगाम आला. मग बसल्या जागी मी उगाच खुर्चीचा हात घट्ट धरते.

यंदा तर लेकच गाडी घेऊन आली. ती तासगावकडे दिली आहे. द्राक्षाच्या पेट्या न्यायला त्यांनी एक भलीमोठी पिकअप घेतली आहे आणि ही बाई ती स्वतः चालवते. मला पुढं बसवून तिनं मिरजेपर्यंत फिरवून आणलं. मी सवयीप्रमाणे दात आवळून बसले होते. निम्मा रस्ता गेला तरी काही होईना.

"आई, तोंड का असं केलंयस?"

"जीभ चावू नये म्हणून."

ती हसली आणि म्हणाली, "अगं, पेट्या भरायच्या असल्या की हवा चढवते, मोकळी असली की उतरवते. लोण्यावानी चालते बघ." समोरच्या पडद्यावर चारही चाकांच्या हवेचे आकडे दिसत होते. मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. ज्या गोष्टीसाठी एका हंगामात दोन जिल्हे हलले, ती गोष्ट माझ्या लेकीनं एका वाक्यात सांगून टाकली होती. आणि गंमत म्हणजे त्या हंगामात ही लेक माझ्या पोटात होती.

मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं आणि ऊस पुन्हा पुरुषभर उभा राहिला होता. कोरेगावाजवळच्या आमच्या गावात गुऱ्हाळं पेटली की सगळ्या शिवारावर गोड धुराची चादर पसरायची. काहिलीतला रस रटरटायचा, गरम काकवी न्यायला माणसं भांडी घेऊन उभी राहायची, आणि गरम गुळाचा तो वास अंगावरच्या चोळीत, केसांत, गोधडीत कुठंही घुसायचा. मी सासरी सांगलीला होते. तिथं हळदीचा वास. दोन्ही वास चांगलेच, पण सातव्या महिन्यात बाईला हळद नको असते, तिला आपल्या आईच्या पदराचा वास हवा असतो.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार होऊन पेन्शनीत आले तेव्हा लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी वन-टन गाडी त्यांनी घरी आणली. पुढं तीन माणसं बसतील एवढी सीट, मागं उघडा हौदा, चाकं म्हशीच्या पाठीला लागतील एवढी. रंग तोच हिरवा. गावानं तिला पहिल्याच दिवशी रणगाडा म्हणायला सुरुवात केली. एक टन दारूगोळा डोंगरावर चढवायला बनवलेली ती गाडी आता कोंबडीखत, बी-बियाणं आणि आईला वाहायची होती. यातलं कोंबडीखत तेवढं तक्रार करायचं नाही.

तिच्या चारही मडगार्डांवर पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिलं होतं, टी. पी. ४५. म्हणजे टायर प्रेशर, चाकात पंचेचाळीस पौंड हवा असावी. फौजेतल्या गाड्यांवर असं लिहितात, आबा सगळ्यांना समजावून सांगायचे. पण त्यांची सांगायची पद्धत अशी, की "टी. पी. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस! चव्वेचाळीस न्हाई, सेहेचाळीस न्हाई!" त्यामुळं गावातल्या निम्म्या लोकांची समजूत झाली की टी. पी. हा आबांचा कुणी जुना साहेब असावा आणि माणूस भलताच कडक असावा.

आबांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी हवा मोजायची पितळी कांडी असे. सकाळी तोंड धुतलं की देवाच्या आधी चाकं. प्रत्येक चाकापाशी उकिडवं बसायचं, कांडी लावायची, आकडा वाचायचा, समाधानानं हुं म्हणायचं. कमी भरली तर पायानं मारायच्या पंपाला जुंपायला आळीतून कुणीतरी धरून आणायचं. म्हणून सकाळच्या वेळी आमच्या घरावरून जाणारी तरणी माणसं पलीकडच्या बोळातून जायची.

आता हे पंचेचाळीस पौंड कशासाठी, तर गाडीत पुरता एक टन माल असेल तेव्हासाठी. हौदा मोकळा असला की तीच चाकं दगडासारखी टणक. रस्त्यात साधा उसाचा कांडका आला तरी गाडी उडायची आणि आतलं माणूस तिच्या आधी उडून तिच्या नंतर खाली यायचं. आबांच्या गाडीत बोलायचं असेल तर गाडी थांबवून बोलायचं, असा आईचा नियम होता. एकदा गावच्या भटजींनी चालत्या गाडीत मंत्र म्हणून बघितला आणि नंतर आठवडाभर ते नुसतं पेज पीत होते.

सातवा लागला तशी माहेरची माणसं ओटी भरायला सांगलीला आली. माणसं म्हणजे आबा आणि आई. आई गाडीतून उतरली ती कमरेवर हात ठेवून, आणि उभ्यानंच सगळ्यांच्या पाया पडली. बस म्हटलं तरी बसेना. बसायला काही उरलंच नव्हतं असं ती मला नंतर म्हणाली. शिदोरीची मोठी बुट्टी आबांनी दोन्ही हातांनी आत आणली आणि माझ्या सासूबाईंपुढं ठेवली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चौथी शिकलेल्या, ठसठशीत कुंकू, आवाज असा की हळदीच्या बाजारातले हमाल बिचकायचे. त्यांनी बुट्टीवरचं फडकं बाजूला केलं.

करंज्या नव्हत्या. करंज्यांची पारी एकीकडं, सारण एकीकडं, आणि तेही पुन्हा एकमेकांत कालवलेलं. चकल्यांचे खडे झाले होते. लाडवांचा तर परत रवा झाला होता.

"व्हय ओ इवाई," आत्याबाई म्हणाल्या, "लाडू आनलायसा का लाडवाचं पीठ?"

आबा म्हणाले, "रस्ता जरा वंगाळ हाय."

"रस्ता त्योच हाय ज्याच्यावरनं आमी बी येतो. तुमची गाडी वंगाळ हाय. करंजीचं ह्ये झालं, तर माझ्या सुनंचं काय हुईल? एस.टी.त मी घालणार न्हाई, कराडात गाडी बदलायची, ढकलाढकली. आन् ह्या गाडीत तर न्हाईच न्हाई. बाळतपण हितंच करू."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. मी तिची एकुलती. तिला स्वतःला आई नव्हती, त्यामुळं तिचं बाळंतपण सासरी, चुलत जावांच्या टोमण्यांत झालेलं. माझ्या लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. खोली सारवून तयार होती, बाज विणून तयार होती, शेगडीला कोळसा भरून ठेवला होता. मला काय हवं ते कुणी विचारलं नाही, सुनांना तेव्हा विचारत नसत. मला घरी जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या बुट्टीतला चुरा बघून मी आत जाऊन रडले, आणि रडता रडता मूठभर खाऊनही आले. सातव्यात भूक फार लागते.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांचं पहिलं मूल बैलगाडीच्या प्रवासात पोटातच गेलं होतं, हे मला फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारात कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्या आईच्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघून थोड्या नरमल्या आणि त्यांनी वाट ठेवली. "आठव्यात गाव वलांडायचं नसतंय. आठवा लागायच्या आत ह्याच गाडीनं सबंध करंज्या आना. करंजी सबंध आली तर सून बी सबंध जाईल. मग मी अडवायची न्हाई."

त्यानंतर आमच्या गावात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण बाळंतपणात पाठ शेकता शेकता आईनं ते मला इतक्या वेळा आणि इतक्या हावभावांनी सांगितलं, की आता ते मी पाहिलेलंच आहे.

आई सकाळी करंज्या तळायची. आबा बुट्टी सीटवर ठेवून रहिमतपूरच्या फाट्यापर्यंत जाऊन यायचे. बुट्टी उघडायची. चुरा. मग आबांनी सीटखाली पाचट भरलं. चुरा. पाचटावर गोधडी, गोधडीवर कापसाची गादी. चुरा, आणि गादीला तूप. चाकांवरच्या कमानीच्या पट्ट्यांना ग्रीस झालं, एरंडेल झालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बुट्टी हौद्यात दोरीनं टांगून बघितली, तर ती झोका घेऊन मागच्या फाळक्यावर अशी आपटली की बुट्टीच नवी घ्यायला लागली. गावातल्या पोरांना मात्र तो हंगाम सणाचा गेला. गाडीचा आवाज आला की वाट्या घेऊन दारात हजर.

शेवटी कढईपुढं बसलेली आईच वैतागून म्हणाली, "अवं, इतकं सगळं करताय, जरा चाकातली हवा का न्हाई काढत? पीठ घट झालं तर पानी घालतोच की आपन."

आबा असे काही चमकले की जणू तिनं देवातला बाळकृष्ण विकायला काढा म्हटलं. त्यांनी तिचा हात धरून तिला मडगार्डापाशी नेलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय लिवलंय?"

"मला वाचाय येत न्हाई."

"पंचेचाळीस लिवलंय. लिवनाऱ्यानं बिनडोक लिवलंय व्हय?"

आई पुन्हा कढईपुढं येऊन बसली. हा हुकूम कुणाचा, तो कधी मागं घेतात, असले प्रश्न तिला पडत होते, पण करंजी फुटेल म्हणून तिनं झाऱ्याकडं लक्ष दिलं.

आणि मग एक दिवस चमत्कार झाला. आबा गुळाच्या ढेपा भरून कोरेगावच्या बाजाराला गेले होते आणि त्याच सकाळी तळलेल्या करंज्यांची एक बुट्टी चुकून सीटमागं राहिली होती. ढेपा उतरवताना त्यांना ती दिसली. उघडून बघतात तर सगळ्या करंज्या सबंध, काठाची मुरड सुद्धा हललेली नाही. आबा मोकळी गाडी घेऊन घरी आले, म्हणजे येईपर्यंत पुन्हा चुरा झाला होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. ते अंगणातनंच ओरडत आले.

"लोड! लोड पायजे! गाडीचं काय बी चुकत न्हाई, गाडी मोकळी हाय ह्ये चुकतंय!"

आता दुसऱ्या कुणी यातून काय शिकलं असतं? माल कमी तर हवा कमी. पण आबांनी धडा उलटा वाचला. हवेला हात लावायचा नाही, आकड्याला शोभेल एवढा माल गाडीत घालायचा. एका पोटुशीला सांगलीहून आणायचं तर सोबत टनभर वजन आणायचं. गूळ तर विकला होता. मग आबांनी चावडीवर जाऊन सांगितलं, माझ्या लेकीला, मंगलला आणायला सांगलीला जायचंय, ज्याला गणपतीचं दर्शन घ्यायचंय त्यानं चला, भाडं नाही, फक्त अट एकच, जाताना जेवढी माणसं तेवढीच येताना.

आमच्या गावात जाड माणसाला मान मिळाला तो त्या एका दिवशी. आबा एकेकाला खालून वर बघायचे आणि बारक्यांना म्हणायचे, तू पुढच्या खेपेला. आमच्या शेजारचे दगडूतात्या तर नुसते बसले तरी ओटा हलल्यासारखा वाटायचा. त्यांना आबांनी घरी जाऊन आमंत्रण दिलं आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर, मधोमध, घोंगडं टाकून जागा करून दिली. तात्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावून हसत म्हटलं, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच कुनाला तरी ह्येंचं वजन पायजे झालं."

सांगलीला आमच्या दारात रणगाडा थांबला तेव्हा मी खिडकीत होते. आधी आई उतरली, आणि चक्क वाकून पाया पडली. मग मागनं माणसं उतरायला लागली ती उतरतच राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "अगं बया, ही वरात कुनाची?" पण पाहुणा दारात आला की त्यांच्यातली कारभारीण जागी व्हायची. त्यांनी आत चुलीवर मोठं पातेलं चढवायला सांगितलं, आणि भात उतरल्यावर बुट्टीपुढं मांडी घातली. एकेक करंजी उचलून कानाशी नेऊन हलवली. सारण आत खुळखुळायचं, पारी सबंध. एक फोडून खाल्ली.

"करंजी झाक झालीया," आत्याबाई म्हणाल्या. "पर करंजीला कंबर नसती. मी सोता बसून बघनार."

"बसा की," आबा म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं. मागं वळून बघतात तर सगळं वजन पंगतीला बसलेलं. पत्रावळीवर आमटी वाढून झाली होती. दगडूतात्यांनी भात कालवून पहिला घास उचलला होता.

"उठा! समदी उठा! लोड भरा!"

माणसं चांगली होती हो. खरकट्या हातांनी उठली आणि मुकाट्यानं हौद्यात जाऊन बसली. गावची लेक घरी न्यायची आहे, हे त्यांनाही कळत होतं. तात्यांनी पत्रावळ सोबत घेतली होती. आत्याबाई पुढं बसल्या, आबांनी गाडी काढली, आणि कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन ती वरात परत आली. आत्याबाई उतरल्या. पदर सारखा केला. "बसा जेवायला," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन माझं गाठोडं बांधायला लागल्या. गाठोड्यात त्यांनी डिंक घातला, खोबरं घातलं, आणि स्वतःची मऊ जुनी लुगडी घातली. मला त्या वेळी फक्त एवढंच सुचलं की चपला कुठं ठेवल्यात.

निघताना मी पुढं, आबा आणि आईच्या मध्ये. आत्याबाई खिडकीपाशी आल्या, आबांकडं बघून एवढंच म्हणाल्या, "सबंध न्या." आबांनी फौजेतला सलाम ठोकला.

सुरुवातीला गाडी खरंच अशी चालली की मला डुलकी लागली. पण माणसाचा माल भरला की त्यात एक खोट असते. गूळ आपण उतरवल्याशिवाय उतरत नाही, माणूस उतरतो. आष्ट्याला एका काकूंची बहीण रस्त्यावरच भेटली आणि दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या, मग त्यांना गाडीत परत घालणं बरं दिसेना. इस्लामपूरला बाजार होता. तिथं चौघे "आलोच" म्हणून गेले ते अजून यायचे आहेत. कराडला बाकीच्यांना संगमावर हात-पाय धुवायची इच्छा झाली आणि तिथल्या सावलीत त्यांना आठवलं की कुणाचा मामा, कुणाची मावशी इथंच राहते. आबा प्रत्येकाला अटीची आठवण करून द्यायचे आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा, "एवडा ह्यो हाय की." शेवटी एकटे दगडूतात्या उरले. मसूरला त्यांच्या लेकीचं सासर. "निस्तं पानी पिऊन येतो," म्हणून ते आत गेले. थोड्या वेळानं आतून मसाला वाटल्याचा आवाज आला, कोंबडा ओरडला, आणि आईनं कपाळावर हात मारला.

मसूरच्या पुढचा रस्ता उसाच्या गाड्यांनी नांगरून टाकलेला. मोकळा हौदा, चाकांत पंचेचाळीस पौंड. पहिल्या धक्क्याला मी आईच्या अंगावर गेले. दुसऱ्याला आबांच्या. दोन्ही हात पोटाखाली धरले आणि दात आवळले. बाळ आत एकदम गप्प झालं होतं. इतका वेळ लाथा मारणारं ते मूल हलेना, तेव्हा मला जी भीती वाटली तशी पुन्हा आयुष्यात वाटली नाही. आईनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि फक्त म्हणाली, "थांबवा."

आबांनी गाडी थांबवली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खाली उतरले आणि आम्हाला मागनं धाड धाड आवाज यायला लागला. आई डोकावून बघते तर आबा शेताच्या बांधावरचे दगड उचलून हौद्यात टाकत होते. घामानं भिजलेले, सदरा बाहेर आलेला, एकेक दगड पोटाशी धरून आणत होते. माझे आबा माझ्यासाठी टनभर दगड भरायला निघाले होते.

आई खाली उतरली. ती आबांना कधी चढ्या आवाजानं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी शेतातली ऊस तोडणारी माणसं कोयता थांबवून बघायला लागली.

"दगडं भरताय? लेक हितं कळवळतीया आन् दगडं भरताय? लेकीसाठी हवा सोडवंना तुमाला? कोन त्यो तुमचा टी. पी. साहेब, त्यो येनार हाय व्हय बाळतपणाला?"

आबा हातातला दगड धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि हळू बोलायला लागले. फौजेत असताना वर डोंगरात रस्ता गाडीएवढाच असायचा, म्हणाले. पुढच्या गाडीवर त्यांचा जोडीदार होता. चाकात हवा कमी, बघू खाली गेल्यावर, म्हणाला. वळणावर टायर फुटला. "मी मागं हुतो. मी रोज सकाळी आकडा बघायचो, म्हनून मी घरी आलो, मंगलची आई. दुसरं काय बी कारन न्हाई. आकडा पाळला म्हनून आलो. आता त्योच सोड म्हनतीस, तर हात हुईना बघ."

आई एकदम निवली. जवळ जाऊन तिनं त्यांच्या सदऱ्याला लागलेली माती झटकली. "हितं दरी न्हाई," ती म्हणाली. "हितं आपला ऊस हाय. हळू हाना, मी बसलीया की संगं."

आबा पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. व्हॉल्व्हची टोपी काढली, काडीनं आतली पिन दाबली. सुस्स आवाज आला. मान दुसरीकडं वळवून ते तो आवाज ऐकत होते. मध्येच कांडी लावून बघायचे, पुन्हा दाबायचे. चारही चाकं झाली तेव्हा त्यांनी कांडी सदऱ्याला पुसून खिशात ठेवली आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "तीस."

मग दगड उतरवले. ज्या बांधाचे होते त्या बांधाला परत केले.

गाडी निघाली. चाकं रस्त्यावर पाऊल टाकल्यासारखी पडत होती. खड्डा आला की गाडी आत जायची आणि बाहेर यायची, बस. स्टिअरिंग मात्र इतकं जड झालं होतं की वळणावर आबा अर्धे उभे राहून ते ओढायचे. टायर तापू नयेत म्हणून त्यांनी गाडी अशी हळू हाकली की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला, पुढं जाऊन वळून बघितलं, आणि काही मदत हवी का म्हणून विचारायला परत आला. दोन्हीकडं ऊस उभा होता, तुऱ्यांवर मावळतीचं ऊन होतं, कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं. रहिमतपूर ओलांडलं आणि बाळानं आतून एक सणसणीत लाथ मारली. मी ओरडले. आबांनी घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"काय न्हाई. हललं."

आबा स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. आई म्हणाली, "आता हाना की, का आठवा लागायची वाट बघताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं पुन्हा पंचेचाळीसवर. आबांचे दंड सुजले होते म्हणून पंपावर दगडूतात्यांना उभं केलं. ते सकाळी मसूरहून एस.टी.नं आले होते आणि आईनं त्यांना चहासुद्धा दिला नव्हता.

लेक झाली. माझ्या आईच्या हातात झाली, सारवलेल्या खोलीत, विणलेल्या बाजेवर. हंगाम संपला, गुऱ्हाळं विझली, पाखरं पाचटात उतरली. तीन महिने मी तिथं गुळाचा शिरा खाऊन आईच्या पदराचा वास घेत झोपले. आणि उन्हाळा लागल्यावर आबांनी आम्हाला सांगलीला पोचवलं. या वेळी गाडीत कुणी नव्हतं. आबा, आई, मी आणि दुपट्यातली ही, जी आता पडद्यावर हवा बघते. सबंध रस्ताभर ती झोपून होती.

आत्याबाई भाकर-तुकडा घेऊन दारात आल्या. ओवाळण्याआधी त्यांनी मोकळ्या हौद्यात डोकावून बघितलं, मग नातीकडं, मग माझ्याकडं. सगळं सबंध आहे याची खात्री पटली तशा त्या गाडीभोवती फिरल्या आणि पुढच्या मडगार्डापाशी थांबल्या. तिथं टी. पी. ४५ च्या खाली आबांनी स्वतःच्या तिरप्या अक्षरात, पांढऱ्याच रंगानं लिहिलं होतं, मंगल ३०. त्याच्या खाली रंग अजून ताजा होता, नात २८.

आत्याबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. आबा चप्पलेनं माती उकरत होते.

"इवाई," आत्याबाई म्हणाल्या, "त्या दिशी घाटापातुर ह्या गाडीत पयली कोन बसलं हुतं?"

"तुमीच की."

"मग माजं नाव कुटं हाय?"

आबांनी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. मग आबांनी खिशातली कांडी काढली, आणि पुढच्या चाकापाशी उकिडवं बसत म्हणाले, "बसा. बघूनच लिवू."

आत्याबाईंनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. मी लेकीला घेऊन अजून उंबऱ्याबाहेरच उभी होते, मला कुणी ओवाळलंही नव्हतं. त्या पदर खोचून पुढच्या सीटवर चढल्या, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून म्हणाल्या, "तू जा आत, पोरीला पाज. आमाला येळ लागंल."